डॉ. आनंदीबाई जोशी : आजारपण सोबत घेऊन परदेशी शिकायला गेलेली विद्यार्थिनी

दरवर्षी मे-जून महिन्यात माझ्या दवाखान्यात एक वेगळे काम येते. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या भागातील काही मुले-मुली परदेशी शिकायला निघालेली असतात आणि त्यांना डॉक्टरचे फिटनेस सर्टिफिकेट हवे असते. संख्या फार नाही, पण आता दरवर्षी दोन-चार तरी येतात. त्यातल्या काहींना सिकलसेल असतो, कुणाला फिट येतात, कुणाला ऐकू कमी येते, कुणी लहानपणापासून इन्सुलिन घेत असतो, कुणाच्या पायात अधूपणा असतो. सोबत आलेल्या आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो. अशा तब्येतीत लेकराला इतक्या दूर पाठवावे की नाही?

काही वर्षांपूर्वी एका सिकलसेल असलेल्या मुलीला मी असेच सर्टिफिकेट लिहून दिले होते. प्रवासास हरकत नाही, एवढ्या दोन ओळी. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिला अंगदुखीचा जोराचा झटका आला. तिथल्या डॉक्टरांकडे तिचा एकही जुना रिपोर्ट नव्हता. मध्यरात्री तिच्या वडिलांचा मला फोन आला आणि मी घरी बसून आठवेल तसे तिचे हिमोग्लोबिन, औषधे आणि आधीचे झटके सांगत होतो. ती बरी झाली, शिक्षणही पूर्ण केले. पण त्या दोन ओळी अपुऱ्या होत्या आणि त्या माझ्या हातच्या होत्या, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून असे कुटुंब आले की मी त्यांना डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगतो. नाव बहुतेकांना माहीत असते. सिनेमा पाहिलेला असतो किंवा शाळेत धडा वाचलेला असतो. पण त्या निघाल्या तेव्हा आजारी होत्या, आणि एक आजारी विद्यार्थिनी म्हणून त्यांनी कशी तयारी केली, त्या तयारीत काय राहून गेले, हे फारसे कुणी पाहिलेले नसते. आज तेच पाहू.

बालपण, लग्न आणि दहा दिवसांचे बाळ

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते आणि बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा ध्यास होता. तो कधी कधी जाचाच्या थराला जाई, हेही खरे. नोकरीत बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्ता आणि बराकपूर. प्रत्येक गावी आनंदीचा अभ्यास सुरू राहिला.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, अशी त्यांची भावना झाली. त्या काळात घरंदाज बाई पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नसे आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हायचे हा विचार त्यांच्या मनात इथून रुजला.

एक डॉक्टर म्हणून मला इथे आणखी एक गोष्ट दिसते. चौदाव्या वर्षीचे बाळंतपण शरीराला फार जड जाते. मुलीची वाढ अजून पूर्ण झालेली नसते. त्यात रक्त कमी होते, आणि वेळेवर पोषण मिळाले नाही तर ती झीज वर्षानुवर्षे भरून निघत नाही. आनंदीबाईंच्या पुढच्या सगळ्या आजारपणाकडे पाहताना ही सुरुवात लक्षात ठेवावी लागते.

जाण्याआधीची तयारी : तीन वर्षांची पत्रे

कोल्हापुरात असताना, १८७८ साली, गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा कळवली. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका धार्मिक मासिकात छापला गेला. त्यात धर्मांतराची अट सुचवलेली होती आणि जोशी दाम्पत्याला ती मान्य नव्हती, त्यामुळे गोष्ट तिथेच थांबल्यासारखी झाली. पण १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी पडलेल्या मासिकात त्यांनी हे पत्र वाचले आणि आनंदीबाईंना स्वतःहून लिहिले.

तिथून पत्रांचा सिलसिला सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. दोघींनी पत्रांतून आपापल्या देशाच्या चालीरीती, खाणे, कपडे, धर्म, बायकांचे जगणे असे सगळे बोलून घेतले. आनंदीबाई बोटीत बसल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला त्यांची वाट पाहणारे एक घर होते. परदेशी जाणाऱ्या आजारी विद्यार्थ्यासाठी याहून मोठी तयारी नाही, असे मला वाटते. त्या काळी पत्र पोहोचायला आठवडे लागत, तरी त्यांनी हे नाते जमवले. आज व्हॉट्सॲप असून अनेक मुले विमानतळावर उतरतात तेव्हा त्या शहरात एकही माणूस ओळखीचा नसतो.

कॉलेज शोधण्यातही ओळख कामी आली. कलकत्त्यातील थॉरबर्न नावाच्या डॉक्टर दाम्पत्याने पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजचे नाव सुचवले. हे फिलाडेल्फियातील बायकांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय होते. आनंदीबाईंनी प्रवेशासाठी जो अर्ज केला त्यात आपल्याकडे पैसा नाही, शिक्षण ठरलेल्या नियमांत बसेलच असे नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपण कशासाठी आलो आहोत ते मात्र ठामपणे सांगितले. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश तर दिलाच, शिष्यवृत्तीही मिळवून दिली. आपली अडचण उघडपणे सांगितली म्हणजे दार बंदच होते असे नाही, हे या अर्जावरून दिसते.

निघण्यापूर्वी तब्येत कशी होती?

कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंची तब्येत बिघडत गेली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी कधी धाप लागणे, अशा तक्रारी होत्या. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. १८८३ साली गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला झाली. त्यांनी बायकोला एकटीलाच पुढे पाठवायचे ठरवले. तब्येतीबद्दल आनंदीबाईंच्या मनात धाकधूक होती, पण त्या तयार झाल्या.

आज अशी अठरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली तर मी काय करीन? आधी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून रक्त किती आहे ते पाहीन. वजन करीन. ताप कधी येतो, संध्याकाळी येतो का, खोकला आहे का, रात्री घाम येतो का, हे विचारीन. मग हिमोग्लोबिनसह रक्ताची तपासणी, मलेरियाची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि गरज असेल तर थुंकीची तपासणी. तिच्या तक्रारींमागे रक्तक्षय असू शकतो, हिवताप असू शकतो, क्षयरोगाची सुरुवातही असू शकते. एकाच वेळी दोन-तीन गोष्टीही असू शकतात. तपासल्याशिवाय यातले काहीही सांगता येत नाही, आणि दीडशे वर्षांनंतर तर मुळीच नाही.

आनंदीबाईंना यातले किती मिळू शकले असते? क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधल्याचे जाहीर केले ते मार्च १८८२ मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. एक्स-रेचा शोध १८९५ चा. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन हाती आले १९४३ साली. त्यामुळे कुणी हलगर्जी केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या वैद्यकाकडे पाहण्याची साधनेच नव्हती. तुमच्या-आमच्याकडे ती आहेत. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून आज कुणी न तपासता निघाले तर ती सबब चालत नाही.

सेरामपूरच्या भाषणातले सहा प्रश्न

एकटी बाई सातासमुद्रापार जाणार म्हटल्यावर गहजब झाला. लोक रस्त्यात टोमणे मारत. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. लोक जे प्रश्न विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का? इथे शिक्षणाची सोय नाही का? एकटीने का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिथे संकट आले तर काय? आणि आजवर कुठल्याच बाईने केले नाही ते तूच का करतेस?

अठरा वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी भरसभेत हे बोलत होती. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही सांगितले. भाषणाची बातमी सर्वदूर गेली आणि ठिकठिकाणाहून मदतीचे पैसे आले. आनंदीबाईंनी आपले दागिनेही विकले.

मला या सहा प्रश्नांचे कौतुक वाटते. लोकांचे प्रश्न टाळले नाहीत, यादी करून उत्तरे तयार ठेवली. संकटाचाही प्रश्न त्यात होता. एक प्रश्न मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नव्हता. या तब्येतीला तिथली हवा, खाणे आणि खोली मानवणार कशी? पुढे नेमका तोच प्रश्न रोज उठून समोर उभा राहिला.

फिलाडेल्फिया : थंडी, धूर आणि जेवण

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. अठरा वर्षे पूर्ण होऊन फक्त आठवडा झाला होता. सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचे कुणी नव्हते. जवळपास दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर मावशी बंदरावर घ्यायला आल्या होत्या. उन्हाळा रोझेलच्या त्या घरात गेला. मायेची माणसे, ओळखीचे झालेले घर. हे दिवस चांगले गेले.

मग फिलाडेल्फियाचे कॉलेज सुरू झाले आणि थंडी आली. आनंदीबाई पूर्ण शाकाहारी होत्या आणि परक्या देशात तसेच राहायचे त्यांनी ठरवले होते. अभ्यास सांभाळून स्वतः रांधून खायचे. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी पाय झाकले जातील अशी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. राहत्या खोलीतली शेकोटी नीट ओढ घेत नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर कडाक्याची थंडी. त्यातून एक निवडायचे.

ज्या बाईला आधीच ताप आणि धाप आहे तिच्या फुप्फुसांसाठी हे दोन्ही वाईट. आपल्याकडे चुलीच्या धुराने दमलेल्या बायका मी रोज तपासतो, त्यामुळे ही खोली मला डोळ्यांसमोर दिसते. बंद खोलीतल्या धुराने श्वासनलिकेला सूज येते आणि फुप्फुसांची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. पोट भरत नसेल आणि वजन उतरत असेल तर क्षयाचा धोका वाढतो. क्षय झाला की भूक मरते, वजन आणखी उतरते. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे कठीण.

शिक्षण सुरू असताना त्यांना घटसर्पही झाला. तेव्हा त्यावर लस नव्हती. डोकेदुखी आणि ताप येत-जात राहिले. तरीही त्यांनी अभ्यासक्रम सोडला नाही. कार्पेंटर मावशींचे घर आणि डीन बॉडली यांचा आधार सतत होता. आज परदेशी विद्यापीठात अशा विद्यार्थिनीला परीक्षेत जादा वेळ मिळाला असता, उबदार खोली बदलून मिळाली असती, आजारपणात एखादे सत्र पुढे ढकलता आले असते. तेव्हा असे काही मागायचे असते हेच कुणाला माहीत नव्हते.

पदवी, परतीचा प्रवास आणि अखेर

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या दुःखातून शिक्षणाची इच्छा निर्माण झाली, त्याच विषयावर त्यांनी अभ्यास पूर्ण केला. पदवीदानाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्याच कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. आपापल्या देशी पोशाखात काढलेले या तिघींचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. आनंदीबाईंनी ती स्वीकारली. पण तोवर शरीर पुरते थकले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या गोपाळरावांसह परत निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचल्या. स्वागत मोठे झाले. ज्या समाजाने नावे ठेवली तोच आता हार घेऊन उभा होता. कोल्हापूरच्या नोकरीवर त्यांना कधी रुजू होता आले नाही. पुण्यात उपचार चालले, पण उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. क्षयाने गेल्या असे मानले जाते. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले.

मग त्यांनी जायला नको होते का?

ही गोष्ट सांगून झाल्यावर पालक गप्प होतात. काही जण म्हणतात की डॉक्टर, तुम्ही तर आम्हाला घाबरवले. तसा माझा हेतू नसतो.

त्या घरी राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या, असे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. त्रास इथेच सुरू झाला होता आणि त्यावर औषध ना इथे होते ना तिथे. क्षयाने त्या काळी घरी बसलेली माणसेही जात होती. त्यांच्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि दीर्घकाळ रुग्णसेवा करून १९५५ साली वारल्या. तेव्हा परदेश माणसाला मारतो असे नाही.

मला यातून एवढेच दिसते की आनंदीबाईंनी पैसा, प्रवेश, सोबत, ओळख आणि समाजाची उत्तरे अशी सगळी तयारी केली. शरीराची तयारी करण्याचे साधन त्या काळात नव्हते. आज ते साधन आहे. म्हणून मी पाठवू नका असे सांगत नाही. त्यांनी स्वतःला सहा प्रश्न विचारले, तसे तुम्हीही सहा विचारा.

निघण्यापूर्वी आजचे सहा प्रश्न

१. आजार कागदावर नीट लिहिलेला आहे का?
डॉक्टरकडून एका पानाचा इंग्रजी सारांश घ्या. त्यात आजाराचे नाव, तो कधीपासून आहे, आजवर कधी भरती व्हावे लागले, औषधांची मूळ नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, रक्तगट, आणि तातडीच्या वेळी काय करावे व काय टाळावे, हे सगळे असावे. सिकलसेल असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट आणि नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते ते जरूर लिहून घ्या. सगळ्या रिपोर्टची एक प्रत फोनमध्ये आणि एक घरी ठेवा. ज्या तज्ज्ञाकडे उपचार चालू आहेत त्यांचे पत्र असेल तर जास्त चांगले. माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या दोन ओळी पुरत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

२. विद्यापीठाला सांगितले आहे का?
बहुतेक परदेशी विद्यापीठांत अपंग आणि दीर्घ आजार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे कार्यालय असते. अमेरिकेत १९९० च्या आणि ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने योग्य त्या सोयी देणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे. यात दिसणारे अपंगत्वच येते असे नाही. दीर्घकाळ चालणारा, रोजच्या जगण्यावर परिणाम करणारा आजारही येऊ शकतो. पण मागितल्याशिवाय सोय मिळत नाही. प्रवेश पक्का झाला की लगेच लिहा. जादा वेळ, तळमजल्यावरची खोली, उतार किंवा लिफ्ट, सांकेतिक भाषेचा दुभाषी, उपचारासाठी रजा, जे लागेल ते स्पष्ट सांगा. लपवल्याने नुकसान आपलेच होते.

३. इथली कागदपत्रे पूर्ण आहेत का?
आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया त्यात आहेत, हे आपल्या भागातील अनेक कुटुंबांना अजून माहीत नसते. युडीआयडी पोर्टलवर अर्ज केल्यावर सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्र व कार्ड मिळते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे अर्ज वेळेत करा. अटी बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची सूचना स्वतः वाचा.

४. औषधे आणि विमा यांचा हिशेब झाला आहे का?
तिथे डॉक्टरची भेट मिळेपर्यंत पुरतील इतकी औषधे मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या. ती हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात टाकू नका, ते गोठून खराब होऊ शकते. झोपेची, फिट्सची, तीव्र वेदनांची किंवा एकाग्रतेसाठीची काही औषधे काही देशांत नियंत्रित असतात. त्या देशाच्या दूतावासाकडून आधी खात्री करा. विमा घेताना आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे की नाही, हे लेखी विचारा. लसी पूर्ण करून घ्या. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाआधी क्षयाची तपासणी करावी लागते. तिला घाबरू नका. लवकर सापडलेला क्षय बरा होतो.

५. खोली, हवा आणि जेवण कसे असेल?
आनंदीबाईंची धुराची खोली आठवा. खोली गरम राहते का, खिडकी उघडते का, वर्गापासून किती लांब आहे, व्हीलचेअर आत जाते का, स्वयंपाक करता येतो का, हे आधी विचारा. शक्य असेल तर व्हिडिओवर खोली पाहून घ्या. सिकलसेल असलेल्यांनी थंडी आणि कमी पाणी पिणे या दोन्हींपासून जपावे. दोन्हींमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. विमानातही पाणी पीत राहा आणि अंग उबदार ठेवा. विमान कंपनीला व्हीलचेअर किंवा इतर मदतीबद्दल किमान ४८ तास आधी कळवा.

६. संकट आले तर पहिला फोन कुणाला?
त्या शहरातील एक माणूस आधी जोडून ठेवा. नातलग, महाराष्ट्र मंडळातले कुणी, आधी गेलेला विद्यार्थी, कुणीही चालेल. खोलीत राहणाऱ्या सोबत्याला आजाराची कल्पना द्या आणि फिट किंवा झटका आला तर काय करायचे ते दाखवून ठेवा. तिथला तातडीचा क्रमांक पाठ करा, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. इकडचा एक डॉक्टर ठरवा, जो रात्री फोन उचलेल.

शेवटी पालकांसाठी

पाठवावे की नाही, याचे उत्तर डॉक्टरने एकट्याने द्यायचे नसते आणि आई-वडिलांनीही एकट्याने नाही. ज्याचे शरीर आहे त्या मुला-मुलीला आधी विचारा. आनंदीबाईंच्या बाबतीत बरेचसे निर्णय नवऱ्याने घेतले आणि त्यांनी ते आपल्या जिद्दीने पार पाडले. आज मुलीला तब्येतीची भीती वाटत असेल तर ती बोलता आली पाहिजे आणि घरच्यांनी ती ऐकली पाहिजे. कधी कधी सहा महिने थांबून उपचार पूर्ण करणे हाच शहाणपणा असतो. बहुतेक विद्यापीठांत प्रवेश पुढच्या सत्रात न्यायची विनंती करता येते.

निघण्याच्या किमान तीन-चार महिने आधी दवाखान्यात या. आदल्या आठवड्यात आलात तर मी सर्टिफिकेटवर सही करू शकतो, तयारी करून देऊ शकत नाही. आणि येताना जुन्या रिपोर्टची पिशवी सोबत आणा, पिवळी पडलेली चिठ्ठीसुद्धा. त्यातली कुठली चिठ्ठी कधी कामी येईल, सांगता येत नाही.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाची तब्येत वेगळी असते, त्यामुळे औषधे, लसी आणि प्रवास याबद्दलचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.